रत्नागिरीचे अखिल हिंदू उपाहारगृह : अन्नसेवक, पंगत आणि संगीत रंगभूमी

१. विषयप्रवेश

दिनांक १ मे १९३३ रोजी रत्नागिरी शहरात ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ या नावाचे एक चहा-फराळाचे दुकान उघडण्यात आले. विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकाराने ते निघाले. सर्व जातींच्या हिंदूंस, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसह, तेथे एकत्र बसून चहा-फराळ घेता येत असे. आणि तेथे पदार्थ देण्याच्या कामावर महार समाजातील एका इसमाची नेमणूक करण्यात आली होती. या दोन गोष्टींपैकी पहिलीचा उल्लेख चरित्रग्रंथांत आवर्जून येतो. दुसरी बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. वास्तविक इतिहासाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सहभोजनाचा इतिहास लिहिताना पंगतीस कोण कोणाशेजारी बसले याची नोंद केली जाते. पंगतीत वाढले कोणी, चुलीपाशी कोण होते, पाण्याचा तांब्या कोणाच्या हाती होता, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत लेखात या मागे पडलेल्या प्रश्नांच्या अनुरोधाने रत्नागिरीच्या प्रयोगाची पूर्वपीठिका तपासावयाची आहे. त्याच काळात, त्याच गावातून, त्याच उद्देशाने लिहिल्या गेलेल्या संगीत नाटकांशी या उपाहारगृहाचे नाते काय होते, याचाही विचार येथे ओघाने येईल.

२. मुदबखखाना आणि नगारखाना

मोठ्या समुदायास जेवू घालण्याची व्यवस्था हा महाराष्ट्रात नवा विषय नव्हे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत मुदबखखाना म्हणजे पाकशाळा, आबदारखाना म्हणजे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि शरबतखाना ही स्वतंत्र खाती होती. त्याच यादीत नगारखानाही होता. अन्न, पाणी आणि वाद्य ही तिन्ही राजवैभवाची अंगे मानली जात, आणि तिन्हींसाठी निरनिराळा सेवकवर्ग नेमलेला असे, हे या यादीवरून स्पष्ट होते. पुढे पेशवाईत सवाई माधवरावांच्या लग्नात (१७८३) नाना फडणिसांनी ठेवलेली व्यवस्था तर दंतकथेचा विषय होऊन बसली.

तंजावरच्या भोसले घराण्यात ही परंपरा आणखी एका दिशेने वाढली. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारातील पाकक्रियांची मोडी लिपीतील मराठी टिपणे सरस्वती महालात जतन झाली असून ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने ती ओळखली जातात. त्यांत एतद्देशीय पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीचे पदार्थही आहेत. याच राजाने आपल्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचे पथक बाळगले होते. परक्या देशाचे संगीत आणि परक्या देशाचे अन्न एकाच दरबारात, एकाच कुतूहलापोटी प्रविष्ट झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मात्र तेथेही कोणत्या चुलीवर कोणी शिजवावे याचे नियम निराळे होते. कान परक्या सुरांस जितक्या सहजतेने मोकळे झाले तितक्या सहजतेने पंगत परक्या हातास मोकळी झाली नाही. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया होय.

३. मुद्रित पाकग्रंथ आणि न दिसणारा आचारी

मुद्रणकला रूढ झाल्यावर पाकशास्त्र राजवाड्यातून घरोघर आले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांत त्याची गणना होते. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ निघाला आणि दीर्घकाळ सुशिक्षित कुटुंबांत वापरला गेला. या दोन ग्रंथांच्या नावांतच एक स्थित्यंतर सूचित झाले आहे. पहिल्याचे नाव शास्त्राचे आहे, दुसऱ्याचे गृहिणीचे. पाकविद्या ही शास्त्री व आचारी यांच्या हातून निघून घरच्या कर्त्या स्त्रीच्या हाती सोपविण्यात आली, असा त्याचा अर्थ.

अशा ग्रंथांचा विषय पदार्थ, त्याचे प्रमाण व कृती हा असतो. वेतन घेऊन स्वयंपाक करणारा आचारी, पाणी भरणारा पाणक्या, खरकटे काढणारी बाई यांच्या कामाचे नियमन हा त्यांचा विषय नव्हे. परंतु त्याच सुमारास मुंबईत खानावळी वाढत होत्या. गिरणीत, गोदीत व कचेऱ्यांत काम करण्यासाठी कोकणातून गेलेल्या एकट्या पुरुषांस दोन वेळचे जेवण या खानावळींतून मिळे. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली, म्हणजे ‘गृहिणीमित्र’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, सुरू झाले, हा योगायोग बोलका आहे. मुंबईच्या सुखवस्तू घरांतून राबणारा घरगडी बहुधा कोकणातला असे. त्यास ‘रामा’ हे सामान्यनामच पडून गेले होते. तात्पर्य, रत्नागिरी जिल्हा हा मुंबईच्या स्वयंपाकघरांस व खानावळींस मनुष्यबळ पुरविणारा जिल्हा होता. पण या मनुष्यबळाविषयीचे शास्त्र पुस्तकांत नव्हते. ते जातीच्या रूढीत होते. कोणास चुलीपाशी जाऊ द्यावयाचे, कोणास केवळ भांडी घासू द्यावयाची आणि कोणास उंबरठ्याबाहेर ठेवावयाचे, हे मालकास कोणा ग्रंथातून शिकावे लागत नसे.

युरोपातील परिस्थितीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथेही उपाहारगृहांचे व संगीत रंगभूमीचे नाते जवळचे होते. इटालियन संगीतकार रोसिनी याने १८२९ नंतर ऑपेरा लिहिणे सोडले. पॅरिसमधील त्याच्या घरच्या शनिवारच्या संगीतसभा प्रसिद्ध होत्या, आणि त्याच्या खवय्येपणामुळे काही पदार्थांस त्याचे नाव कायमचे चिकटले. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात मुख्य पाकाधिकारी असताना ऑग्यूस्त एस्कोफिए याने १८९०-९८ च्या दरम्यान ऑपेरा-गायिका नेली मेल्बा हिच्या नावे पीच फळाचा एक गोड पदार्थ सिद्ध केला. तो आजही जगभर त्याच नावाने ओळखला जातो. याच एस्कोफिएने मोठ्या पाकगृहातील सेवकांची लष्करी धर्तीची रचना रूढ केली. रस्से करणारा एक, भाजणारा दुसरा, थंड पदार्थ मांडणारा तिसरा, आणि सर्वांवर एक मुख्य, अशी कामाची वाटणी त्याने केली. १९०३ साली प्रसिद्ध झालेला त्याचा पाकग्रंथ व्यावसायिकांचा आधारग्रंथ ठरला. तेथील प्रश्न ‘कोणते काम कोणी करावे’ हा होता, आणि त्याचे उत्तर कौशल्यावरून ठरविता येई. महाराष्ट्रात तोच प्रश्न ‘कोणाचा हात चालेल’ असा विचारला जाई, आणि त्याचे उत्तर जन्माबरोबर ठरून गेलेले असे.

४. हातचे पाणी

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांस या प्रश्नाचे मर्म उमगले होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे. दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान तीत होते. जातिभेद मोडण्याची कसोटी म्हणून सभेने व्याख्यान वा शपथ न निवडता खाणे निवडले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. परंतु हे सर्व गुप्तपणे चाले, आणि गुप्तता फुटताच सभा मोडली.

दिनांक ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जे घडले त्यास गुप्ततेचे आवरणही राहिले नाही. व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा व बिस्किटे ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी केवळ हाती धरला. नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ही दोन्ही नावे त्या प्रकरणात होती. पुढे रानडे यांनीही प्रायश्चित्त घेतले, आणि त्यावरून सुधारकांच्या गोटात मोठी खळबळ उडाली. चहा हा पदार्थ शास्त्रकारांस ठाऊक नव्हता. त्याविषयी विधी नव्हता व निषेधही नव्हता. पण चहा पाण्यात उकळावा लागतो, आणि पाणी कोणाच्या हातचे हा प्रश्न शास्त्रात पुरातन होता. नवे पेय जुन्या नियमाच्या कक्षेत अशा रीतीने खेचले गेले. चहाचे दुकान ही पुढील काळात सुधारणेची रणभूमी का झाली, याचे उत्तर येथे सापडते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याच रणभूमीवर निराळी चाल केली. गंगाराम कांबळे या सरकारी नोकरास, तो अस्पृश्य असताना पाण्यास शिवला म्हणून, इतर नोकरांनी मारहाण केली होती. महाराजांनी त्याला साह्य देऊन भर वस्तीत चहाचे हॉटेल घालून दिले. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा मागवीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसही तो घ्यावा लागे. येथे अस्पृश्य मनुष्य गिऱ्हाईक नव्हता. तो मालक होता व चहा देणारा होता. मात्र या प्रयोगामागे राजसत्तेचा अधिकार होता. जेथे असा अधिकार पाठीशी नाही तेथे हे साधेल काय, हा प्रश्न १९२२ साली महाराजांच्या निधनानंतर अनुत्तरितच राहिला.

५. रत्नागिरीतील प्रयोग

सावरकरांची जानेवारी १९२४ मध्ये कारावासातून सुटका झाली ती दोन मुख्य अटींवर : रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात भाग घ्यावयाचा नाही. ही स्थानबद्धता वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. राजकारणाचे दार बंद असल्याने त्यांचे लक्ष समाजकारणावर केंद्रित झाले. जातिसंस्थेच्या सात बेड्या त्यांनी गणल्या : वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, सिंधुबंदी, शुद्धिबंदी, रोटीबंदी आणि बेटीबंदी. १९३० साली रत्नागिरीत सहभोजनास प्रारंभ झाला. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस खुले झाले. त्याचा खर्च मूळचे रत्नागिरीचे धनिक भागोजी कीर यांनी उचलला. या क्रमातील पुढची पायरी म्हणजे १९३३ चे उपाहारगृह.

सहभोजन आणि उपाहारगृह या दोन साधनांत वरवर पाहता साम्य असले तरी त्यांची घडण मूलतः भिन्न आहे. सहभोजन हा प्रसंग असतो. त्याचा दिवस ठरतो, निमंत्रणे जातात, भाषणे होतात. त्यात भाग घेणारा मनुष्य धैर्य गोळा करून एकदा येतो आणि घरी जाऊन पूर्ववत वागू शकतो. उपाहारगृह हा व्यवहार असतो. ते रोज उघडते, त्याची दारे अनोळखी माणसास खुली असतात, आणि तेथे येणारा मनुष्य सुधारणेसाठी येत नसून भूक-तहान भागविण्यासाठी येतो. निदान तसे घडावे हे उद्दिष्ट असते. प्रसंगातून जे साधते ते व्रत होय. व्यवहारातून जे साधते ती सवय होय. आणि रूढी ही सवयच असल्याने तिला दुसऱ्या सवयीनेच हटविता येते.

याहून महत्त्वाचा भेद सेवकासंबंधीचा आहे. सहभोजनात अस्पृश्य मनुष्य पाहुणा असतो. शेजारी बसणे ही स्पर्शाची बाब झाली. पंक्तिदोष मानणारासही ती ‘दृष्टीआड’ करता येते. परंतु हातचे घेणे यात अशी पळवाट नाही. जो चहा देतो त्याचा हात पेल्यास लागलेला असतो. म्हणून महार सेवकाची नेमणूक करताच रोटीबंदी आणि व्यवसायबंदी या दोन बेड्यांवर एकाच वेळी घाव पडला. गिऱ्हाईकाच्या बाजूने रोटीबंदी तुटली; सेवकाच्या बाजूने, ज्या धंद्यात त्याच्या जातीस कधीच प्रवेश नव्हता त्या अन्नव्यवसायात त्याला वेतनाची जागा मिळाली. सावरकरांना भेटावयास येणाऱ्यांनी आधी या उपाहारगृहात चहा घ्यावा असा दंडक होता, असे चरित्रकार सांगतात. या दंडकाचा अर्थही असाच लावला पाहिजे. भेटीस येणारे बहुधा सहानुभूती बाळगणारेच असणार; त्यांच्या मताची परीक्षा न करता त्यांच्या आचाराची परीक्षा केली जात होती.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. या प्रयोगात सर्वांत मोठी जोखीम ज्याने पत्करली तो तो सेवक होय. चहा घेणाऱ्याचा एक दिवसाचा रोष होता, फार तर जातीचा बहिष्कार; सेवकास मात्र रोज सकाळी येऊन, पुढे येणारा माणूस आपल्या हातचा पेला उचलील की नाही, याची कसोटी पाहावी लागे. सुधारणेचा इतिहास पुढाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. ही सुधारणा प्रत्यक्षात घडली ती त्याच्या हातून.

६. संगीत नाटकाची जोड

रत्नागिरीच्या वास्तव्यात सावरकरांनी तीन संगीत नाटके लिहिली : ‘उःशाप’ (१९२७), ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) आणि ‘उत्तरक्रिया’ (१९३३). पैकी ‘उःशाप’चा विषय अस्पृश्यता हाच आहे. ‘संन्यस्त खड्ग’ मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली वझेबुवांच्या. एका बाजूस उपाहारगृह आणि दुसऱ्या बाजूस संगीत नाटक ही जोडी वरकरणी विसंगत वाटते. परंतु त्या काळच्या समाजरचनेत तिला संगती होती.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून संगीत नाटक हे मराठी माणसाचे सर्वांत आवडते सार्वजनिक करमणुकीचे साधन झाले. नाटकगृह ही तिकिटाने प्रवेश देणारी संस्था होती. जागा जातीवरून न ठरता पैशावरून ठरावी, हे तत्त्व तेथे प्रथम रूढ होऊ लागले. याच अर्थाने उपाहारगृह हे नाटकगृहाचे भावंड आहे. दोन्ही ठिकाणी अनोळखी माणसे पैसे देऊन एका छपराखाली येतात. शिवाय नाटक कंपनी ही स्वतःच एक फिरती खानावळ होती. नट, साथीदार, पडदे ओढणारे आणि कामगार यांचे जेवणखाण कंपनीच्या बिऱ्हाडीच होई. आचारी व वाढपी कंपनीबरोबर गावोगाव फिरत. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या भोजनाचा थाट तिच्या संगीताइतकाच प्रसिद्ध होता, आणि तिच्या कर्जबाजारीपणाच्या कारणांत त्या थाटाचीही गणना होते.

असे असले तरी दोन माध्यमांच्या सामर्थ्यात फरक होता. नाट्यपदाने प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणता येई. पण त्या प्रेक्षकाने घरी जाऊन कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हे ते पद ठरवू शकत नव्हते. तंजावरच्या दरबाराविषयी जे वर म्हटले तेच येथेही खरे ठरते : कान आधी मोकळा होतो, हात मागाहून. मराठी समाजाने कलावंताचा आवाज जातीची विचारपूस न करता ऐकला; त्याच कलावंतास घरच्या पंगतीत बसविताना मात्र विचारपूस झाली. ‘उःशाप’ १९२७ चे आणि उपाहारगृह १९३३ चे. या सहा वर्षांचे अंतर म्हणजे भावनेकडून आचाराकडे जाण्यास लागलेला काळ होय, असे म्हणता येईल. रंगभूमीने जो युक्तिवाद मांडला त्याचा पुरावा चहाच्या पेल्यात द्यावा लागला.

७. मर्यादा आणि मूल्यमापन

या प्रयोगाच्या मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. पहिली मर्यादा त्याच्या नावातच आहे. ‘अखिल हिंदू’ या शब्दांनी जेवढे दार उघडले तेवढीच त्याची सीमाही आखली. रत्नागिरी जिल्ह्यात मुसलमानांची वस्ती जुनी व मोठी आहे. उपाहारगृहाच्या कल्पनेत ती नव्हती. जातीची भिंत पाडणारी ही योजना धर्माची भिंत गृहीत धरून चालली होती.

दुसरी मर्यादा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारांवरून ध्यानी येते. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, सहभोजनाने जातिभावना नाहीशी झालेली नाही. खरा उपाय मिश्रविवाह हा आहे, आणि जातीस पवित्र ठरविणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्य नाकारल्यावाचून तोही शक्य होणार नाही. ही टीका सहभोजनास पूर्णपणे लागू पडते. उपाहारगृहास ती अंशतःच लागू पडते; कारण तेथे पंक्तीबरोबर वेतनाचा व धंद्याचाही प्रश्न हाताळला गेला होता. मात्र एका दुकानातील एका जागेने धंद्याची बंदी उठत नाही, हेही तितकेच खरे.

पुढे जे काम एका संस्थेने आरंभिले ते कायद्याने अंगीकारले. भारतीय संविधानाच्या कलम १५ ने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून अटकाव करण्यास मनाई केली आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक अधिनियमाच्या कलम ४ मध्ये तर उपाहारगृहातील भांड्यांच्या वापरास आणि कोणताही धंदा वा व्यवसाय करण्यास अटकाव करणे, हे दोन्ही गुन्हे मानले गेले. भांडे आणि व्यवसाय ही दोन्ही अंगे एकाच कलमात यावीत, हे रत्नागिरीच्या अनुभवाच्या संदर्भात लक्षणीय आहे. त्याच सुमारास, १९५४ साली, मुंबईत अन्नव्यवसायाचे शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि आचारी व वाढपी यांचे काम जन्माऐवजी अभ्यासक्रमाने शिकण्याचा मार्ग खुला झाला.

यावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, महाराष्ट्रातील अन्नसेवेचा इतिहास हा केवळ पदार्थांचा इतिहास नसून हातांचा इतिहास आहे; पाकग्रंथ त्याची अर्धीच बाजू सांगतात. दुसरा असा की, सुधारणेच्या साधनांत कला ही मनाची तयारी करते, पण तयार झालेल्या मनास आचाराची जागा मिळावी लागते. संगीत नाटक व उपाहारगृह ही या दृष्टीने परस्परपूरक साधने होती. तिसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीचा आहे. पंगतीचे वर्णन वाचताना बसलेल्यांबरोबर उभे असलेल्यांचीही मोजदाद केली पाहिजे. ज्याच्या हातात तांब्या आहे तो कोण, त्यास वेतन काय, त्याचे ताट कोठे मांडले गेले, हे प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही सहभोजनाचा अर्थ पुरता लागत नाही. आणि रत्नागिरीच्या १९३३ च्या लहानशा दुकानाचे महत्त्व हेच आहे की, तेथे तो प्रश्न दारातच विचारला जात होता.